शांतीबाईंचा भीमपलास

शांती बिसेन आठ वर्षांची असताना तिच्या वडिलांनी गोंदियाच्या बाजारातून जुना टेपरेकॉर्डर आणला. आत एक कॅसेट राहून गेली होती. नाव पुसलेलं. कुणी बाई गात होती, एवढंच कळत होतं. वडिलांना भजनं हवी होती, म्हणून त्यांनी ती कॅसेट पोरीला देऊन टाकली. शांतीला शब्द कळले नाहीत, पण ती बाई एका सुरावर थांबली की हिचाही श्वास थांबायचा.

लग्नानंतर कॅसेट साड्यांच्या घडीतून दवनीवाड्याला सासरी आली. धानाच्या रोवणीत वाकलेल्या शांतीबाई तेच गुणगुणायच्या. "काऊन वो, रोज एकच गाना?" बाया हसायच्या. पुढं फीत चुरगळून तुटली. तरी अर्ध्या तासाचं गाणं हरकतींसकट त्यांना पाठ होतं.

पन्नाशीत मुलगी रुचीनं त्यांना गोंदियाच्या भैयाजींकडे नेलं. ते गाणं शिकवायचे. शांतीबाई जमिनीकडे बघत गायल्या. भैयाजींनी पेटी बंद केली.

"अरे, ये तो भीमपलास है! कुणाकडे शिकलात?"

"कॅसेटकडे, जी."

"और आगे?"

"पुढं कॅसेट सरते. तानेच्या मधातच."

"मग पुढचं तुम्हीच गायचं."

तिथंच त्या अडल्या. ऐकलेलं हुबेहूब यायचं, स्वतःचं काही सुचेना. तीन वर्षं दर मंगळवारी त्या बसनं गोंदियाला जात राहिल्या. कधी रडत परत यायच्या. "या वयात कायले तरास करून राहिली?" नवरा गोपीचंद म्हणायचा, आणि मोटारसायकल काढून त्यांना बसथांब्यावर सोडायचा.

गेल्या हिवाळ्यात गोंदियाच्या संगीत सभेत त्यांचं नाव पुकारलं. पहिली काही मिनिटं आवाज कापत होता. मग लय सापडली. कॅसेट जिथं संपायची ती जागा आली. शांतीबाईंनी डोळे मिटले. तान पंचमावरून उसळली, निषादाला भिडली आणि वरच्या षड्जावर जाऊन उभी राहिली. ती कुणाची नक्कल नव्हती. तबलजीनं "वाह!" म्हटलं आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. गोपीचंद खुर्चीवरून उठला आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगू लागला, "माही बायको होय ते!"

भैयाजी भेटायला रंगमंचामागे आले, तर शांतीबाई घाम पुसत होत्या.

"थकलात?"

"नाही जी. आता दुसरा राग सांगा."