रिकामा कॅन आणि नीलोफरच्या चिप्स

या ग्रुपवर कुणी गूढ, न उलगडलेला अनुभव लिहिला की खाली ‘कुलूप नीट तपासलं होतं का?’ असं विचारणारी बाई म्हणजे मीच. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. पण हा प्रकार माझ्याच खोलीत, माझ्याच कुलपात झाला आणि तेव्हापासून मला त्याचा नुसता वैताग आलाय. एकदाचं लिहून मोकळी होते.

मी छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, एका कॉलेजात संशोधन प्रयोगशाळेची व्यवस्था बघते. चाव्या, सामान, दुरुस्त्या, कुणी काय संपवलं त्याच्या याद्या… सगळं माझ्याकडे. दुष्काळाची वर्षं होती. शहराच्या चारी बाजूंनी इमारती उठत होत्या. फ्लॅटला दोन-दोन बाल्कन्या आणि नळाला वारा! पाणी आलं की दिसेल ते भांडं भरून ठेवायचं, ही तेव्हा घराघरातली सवय. आमचे शिपाई पोपटराव तर धुऊन वाळत घातलेले बीकरसुद्धा टँकरच्या पाण्यानं भरून टाकायचे. वर म्हणायचे, “रिकामं भांडं बघवत नाय, मॅडम.”

नीलोफर आमच्याकडे पीएच.डी. करत होती. मूळची सिल्लोडची. तिचं काम चिप्सवर. पोस्टाच्या तिकिटाएवढी पारदर्शक रबरी वडी, आत केसाहून बारीक नळ्या. लघवीचा एक थेंब आत सोडला की त्यातलं प्रथिन मोजून किडनीचा आजार लवकर ओळखता यावा, असा बेत. अडचण एकच — दुधाची साय भांड्याला धरते तसं प्रथिन नळीच्या भिंतीला चिकटून बसतं आणि मोजमाप चुकतं. म्हणून भिंतींना आतून एक पातळ लेप द्यायचा. तो अतिशुद्ध पाण्यातच द्यावा लागतो आणि नीलोफरचा लेप काही केल्या एकसारखा बसत नव्हता. महिनाअखेर तिची फेलोशिप संपत होती. चांगले निष्कर्ष दाखवले तर मुदतवाढ, नाहीतर सिल्लोडच्या ज्युनियर कॉलेजात तिच्या अब्बांनी बोलून ठेवलेली नोकरी. “अब्बा म्हणतात, बहोत हो गया बेटा,” असं ती हसत सांगायची. हसण्यात काही दम नसायचा.

पाणी शुद्ध करायच्या यंत्राला थंड ठेवायलाच भरपूर पाणी लागतं, म्हणून ते मी बंद केलं होतं. शिलकीतला शेवटचा कॅन शुक्रवारी संपला. मी स्वतः तो उपडा केला, झाकण बाजूला ठेवलं आणि कुलूप लावलं.

सोमवारी सकाळी उघडते तर कॅन सरळ उभा. झाकण घट्ट. गळ्यापर्यंत भरलेला.

अर्थातच मी पोपटरावांना फोन लावला. दुसरी चावी त्यांच्याकडे असायची.

“पोपटराव, शुद्ध पाण्याच्या कॅनमध्ये पुन्हा टँकरचं पाणी ओतलंत ना?”

“म्या? मी शुक्रवारपासून खुलताबादला हाये मॅडम, पुतणीच्या लग्नात. चावी तर तुमच्याच ड्रॉवरमंदी ठेवून आलो.”

ड्रॉवर उघडला. चावी होती.

“मग भरला कुणी?”

“आन् भरणार कशानं? टँकर आला नाय, टाकी ठणठणीत कोरडी. म्या काय लग्नातून घागर घेऊन आलो व्हय?”

मागे बँड वाजत होता. मी फोन ठेवला.

पाणी ओतून टाकणार होते, तेवढ्यात नीलोफर म्हणाली, “मॅडम, निदान शुद्धतेचा मीटर तर लावून बघा.” लावला. आमच्या यंत्रानं कधी दिलं नव्हतं इतकं शुद्ध! मीटर बिघडला म्हणून शेजारच्या विभागाचा मागवला. तोही तेच सांगत होता. मी एक बाटली भरून सील केली आणि बाकीचं नीलोफरला दिलं. तसंही दुसरं पाणी होतं कुठं?

दुपारी तिनं मला सूक्ष्मदर्शकाशी ओढत नेलं. प्रथिनाला चमकणारा रंग लावलेला असतो. एरवी नळीच्या भिंती चकाकत राहायच्या. आज प्रथिन वाहून गेलं आणि मागे नुसता काळोख. “बघा ना मॅडम… एक दाग नाही!” तिचे गाइड सर आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “छान. पुन्हा कर.” तिनं कॅन संपेपर्यंत केलं. प्रत्येक चिप स्वच्छ.

मग क्रांती चौकाजवळच्या दुकानातून मी विकतचं शुद्ध पाणी आणलं. लेपाची तीच पावडर, त्याच चिप्स, तेच हात — आणि लेपाला पुन्हा ठिगळं. दुसऱ्या कंपनीचं आणलं, तरी तेच. माझी सीलबंद बाटली बाहेर तपासायला दिली होती. अहवाल आला — शुद्ध पाणी. बस, एवढंच!

मुदतवाढीचा अर्ज लिहायची वेळ आली तेव्हा सरांनी विचारलं, “पाणी कुठलं, हे काय लिहिणार?”

“सर, ते… आलेलं,” नीलोफर म्हणाली.

“‘कॅन भरलेला सापडला’ असं लिहू या?”

‘आमच्या यंत्राचं पाणी’ असं लिहिलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. सर तसं बोलले नाहीत, मीही नाही. शेवटी तीच म्हणाली, “जे दुसऱ्याला करून बघता येणार नाही, ते मी नाही टाकणार.” त्या पाण्यावरच्या प्रयोगांचे आलेख वगळून अर्ज गेला. मुदतवाढ नाकारली गेली. जूनमध्ये ती सिल्लोडला रुजू झाली.

विभागात मात्र हा किस्सा रंगला. कुणी त्या कॅनपुढे उदबत्ती लावली, ती मी उचलून फेकली. कुणी म्हणालं, दर्ग्यावर चादर चढवा. मी सगळ्या शक्यता तपासल्यात. खिडकीला जाळी आहे, रखवालदार बदललेला नव्हता, गंमत करायला इतकं शुद्ध पाणी त्या उन्हाळ्यात कुणाकडे नव्हतं. उत्तर नाही. आणि माझा राग वेगळाच आहे. त्या पोरीला मदतच करायची होती, तर मदत करायची ही कुठली पद्धत?

परवा फोनवर तिला हेच बोलले. ती वर्गातून बाहेर आली होती, मागे मुलांचा गोंधळ. म्हणाली, “मॅडम, पण भिंत साफ राहू शकते, एवढं तर दिसलं ना? मी सुट्टीत पुन्हा येते. पाण्याचं काहीतरी बघून ठेवा.”

कुठलं पाणी बघून ठेवू, सांगा.