रुमालाखालची थाप

मला निवांत बसलेला आमच्या घरात कुणी पाहिलेलं नाही. आत्ताही उजव्या हातात बोरू आहे आणि डावा हात मांडीवर काहीतरी बडवतो आहे. जेवताना पाटावर, देवळात खांबावर, कुणी भेटायला आलं की त्याच्यासमोर घोंगडीवर, माझी बोटं चालूच. नव्या माणसाला वाटतं, म्हातारपणाचा कंप आहे. कंपाला ताल नसतो, माझ्या बोटांना आहे. या बोटांनीच एकदा मला घरादारात तोंड दाखवायला जागा ठेवली नव्हती, आणि मग त्यांनीच मला नको तितका मोठा केला.

अमेरिकेत कुठंतरी आपसात लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला एकाएकी सोन्याचं मोल आलं, त्या वर्षांतली ही गोष्ट. आमची जमीन मोर्शीकडे, चांगली काळी. माझ्या मोठ्या भावाने, दादाने, ती चुलत्याच्या हवाली केली आणि अमरावतीत कापसाची वखार घातली. मला बरोबर आणलं ते बोटांसाठीच. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ताणायची, तंतू कुठे तुटतो ते पाहायचं आणि माल कसा आहे ते सांगायचं, हे मला लहानपणापासून जमे. दादा म्हणे, याच्या बोटांना डोळे आहेत.

गावाला नुसतं पिसं लागलं होतं. माणसं उभ्या उभ्या जेवत. लग्नाच्या पंगतीत कापसाचा भाव, मयताबरोबर चालतानाही कापसाचा भाव. गाड्या आल्याची हाक ऐकून अर्धी दाढी तशीच टाकून पळालेला माणूस मी या डोळ्यांनी पाहिला आहे. घाई मलाही होती, पण माझी उलट्या बाजूची. सगळे कापसाकडे धावत आणि मला कापसातून कधी एकदा सुटतो असं होई.

सुटून जायचो ते भातकुलीच्या वाटेवरच्या एका मळ्यात. तिथला माळी म्हातारा होता. वांगी, मेथी आणि झेंडू पिकवायचा, आणि मृदंग असा वाजवायचा की भजनाला त्याला चार गावांतून बोलावणं येई. मी त्याला बुवा म्हणे. उजाडता उजाडता मी मळ्यात पोहोचत असे. बुवा मोट हाकायला लागे आणि मी विहिरीच्या कडेला त्याचा मृदंग घेऊन बसे. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावावी लागते, त्याशिवाय तो घुमत नाही. ती लावून मी तयार झालो की बैल उताराला लागत, बुवा चालता चालता तोंडाने बोल म्हणे, मोट वर येई, आणि ती थारोळ्यात रिकामी झाली की धो करून पाणी पडे. नेमकी त्याच क्षणी माझी थाप पडली पाहिजे, पूर्ण उघड्या तळहाताची. ती सम.

"पान्याच्या मांगं राहू नोको," बुवा ओरडे. "पानी काय तुह्यासाठी थांबते?"

बैल परत मागे येत, आणि पुन्हा तेच. दोन घटका हे चाले. दिवसातल्या तेवढ्या दोनच घटका माझ्या होत्या. त्यात मी कुणाचा धाकटा भाऊ नव्हतो, कुणाचा पारखी नव्हतो. त्या संपत आल्या की मला राग यायचा, उगवत्या सूर्याचासुद्धा.

एके दिवशी मी असाच धावतपळत वखारीत आलो आणि रुईत हात घातला. हात बाहेर काढला तर तळहाताला कापसाचे पुंजके चिकटलेले. कणीक धुवायची राहिली होती. गिऱ्हाईक समोर उभं. दादाने माझा हात धरून उजेडात नेला.

"हे काय हाये हाताले?"

"कनिक."

"सकाळी सकाळी पोळ्या लाटून राहिला काय बायकोसोबत?"

गिऱ्हाईक हसलं. मी दादाला सगळं सांगितलं, मळा, मोट, मृदंग. त्याला राग आला नाही, त्याला ते कळलंच नाही. माणसाने कमावण्याच्या दिवसांत विहिरीवर बसून कातडं बडवावं, हे त्याच्या डोक्यात शिरेना. "काहून पन?" एवढंच तो दोनदा म्हणाला. मग त्याने ठरवून टाकलं, बाजार बंद असेल त्या दिवशी जावं, एरवी नाही. आणि त्या वर्षी बाजार बंद म्हणून कधी राहतच नव्हता.

मी बुवाला हे सांगितलं तेव्हा तो वांगी तोडत होता. मान वर न करता म्हणाला, "मृदंग नसला तं काय झालं? मांडी तं नेली नाही ना दादानं? बोटं रिकामी ठेवू नोको."

मी ते तंतोतंत पाळलं. मांडीवर, कापसाच्या गाठींवर, तराजूच्या दांडीवर, झोपेत बायकोच्या पाठीवरसुद्धा. ती बिचारी कूस बदलायची.

आता रुमालाचं सांगितलं पाहिजे. आमच्या बाजारात मोठ्या सौद्याचा भाव तोंडाने होत नसे. दोघं समोरासमोर बसत, हातांवर रुमाल टाकत आणि खालून बोटांनी बोलत, म्हणजे भोवती उभ्या असलेल्यांना काही कळू नये. किती बोटं धरली त्यावर भाव. पटला नाही तर हात काढून घ्यायचा. पटला तर समोरच्याच्या तळहातावर उघड्या हाताची थाप द्यायची. थाप पडली की सौदा झाला. मग तो ब्रह्मदेवाच्या बापालाही फिरवता येत नसे.

होळीच्या आधी दादाला हिवताप आला. नेमका तेव्हाच मुंबईकडचा एक मोठा दलाल आमच्या वखारीतला सगळाच्या सगळा माल पाहायला आला. दादा घोंगडीत कुडकुडत होता. मला म्हणाला, "बोटं ऐकून घे अन् हात काढून घे. भाव चढून राहिला. पाडव्यापर्यंत एक गाठ विकाची नाही."

मी बसलो. दलालाने रुमाल टाकला, माझी बोटं धरली. मोठा सावकाश माणूस होता. एक बोट धरी, थांबे, माझ्या तोंडाकडे पाही, मग दुसरं बोट. मी हात काढून घेणार होतो, खरंच घेणार होतो. पण कित्येक दिवसांत मळा दिसला नव्हता, आणि माझा दुसरा हात मांडीवर बोल म्हणायला लागला होता. इतक्यात अंगणात पखालवाला आला. त्याने भरलेली पखाल बैलांच्या हौदात ओतली.

धो करून पाणी पडलं. आणि रुमालाखाली माझी थाप पडली.

अगदी समेवर पडली, तेवढं मला कळलं. बाकीचं कळायला क्षण लागला. दलालाने रुमाल उचलून खांद्यावर टाकला, हात जोडले आणि म्हणाला, "हो गया भाऊ." भोवतीची माणसं माझ्याकडे बघत राहिली. वर्षभराचा माल गेला होता, दादा नको म्हणत असताना.

दादा तापात उठून वखारीत आला. मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो रिकाम्या होत जाणाऱ्या वखारीत उभा राहून गाड्या जाताना बघत होता. भाव पुढच्या आठवड्यात चढला, त्याच्या पुढच्याही चढला. विहिरीवर मृदंग बडवणाऱ्याला भाव काय कळणार, म्हणून बाजारात मला मृदंग्या म्हणू लागले. मी समोरून गेलो की कुणीतरी तोंडाने धा म्हणे. मी बोटांची चूक सांगायला तोंड उघडलं, पण दादाने हात वर केला. त्याला कारण नको होतं. त्याने मूठभर रुई माझ्यासमोर धरली आणि तिच्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की मृदंगाला पुन्हा शिवणार नाही. मी घेतली.

ते दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. हात मांड्यांखाली दाबून बसायचो. बाजारात वांगी विकायला आलेला बुवा दिसला की दुसऱ्या गल्लीने जायचो. माझ्यावर माझाच विश्वास राहिला नव्हता.

पाडवा झाला आणि मुंबईहून तार आली. अमेरिकेतली लढाई संपत आली होती. कापूस आपटला. आज अमुक, उद्या त्याच्या निम्मा, परवा कुणी विचारेना. भरलेल्या वखारींचे मालक डोक्याला हात लावून बसले. एकट्या आमच्या वखारीत झाडून घेतलेली जमीन होती.

दादाने मला वखारीच्या दारात बोलावलं. चार मोठी माणसं उभी होती, त्यांतली दोन मला मृदंग्या म्हणणारी. दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

"माह्या लहान्यानं वारं ओळखलं," तो म्हणाला. "मी नाही म्हणत होतो, तरी त्यानं थाप देल्ली. आमी सारे आंधळे होतो."

मी खाली बघून हसलो. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण दादाने जन्मात पहिल्यांदा माझं कौतुक केलं होतं, आणि ते मला गोड लागलं. मृदंगावर मारतात ती थाप, लोकांना मारतात तीही थापच. पहिली माझ्या हातून चुकून पडली होती. दुसरी मी समजून उमजून मारली.

तिची शिक्षा लगेच सुरू झाली. जो तो माझा सल्ला विचारायला येऊ लागला. सौदा कुणाचाही असो, रुमालाखाली मीच पाहिजे. सकाळपासून दिवे लागेपर्यंत माझी बोटं परक्या माणसांच्या मुठीत. शपथ मोडायची म्हटली असती तरी वेळ कुठे होता? एकदा बुवाने मला बाजारात गाठलंच.

"बोटं काय म्हंतात?"

"दुसऱ्याच्या हातात असतात बुवा."

त्याने टोपलीतलं एक वांगं माझ्या हातात ठेवलं आणि तो पुढे गेला. मी ते वांगं घेऊन कितीतरी वेळ रस्त्यात उभा होतो. मला रडू येत होतं आणि चीडही येत होती, बुवाची, दादाची, त्या पखालवाल्याची.

पावसाळा सरल्यावर दादाने अकोल्यात दुसरी वखार घ्यायचं ठरवलं. तिकडून आगगाडी जाणार होती. ती वखार तो मला चालवायला देणार होता. आम्ही बैलांच्या दमणीत बसून अकोल्याला गेलो. वखार मोर्णा नदीच्या बाजूला होती, मोठी, हवेशीर. दादा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत हाताने दाखवत होता, इथे गाठी, इथे तुझी गादी, इथे रुमालाची बैठक. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. आणि मला दिसत होतं की इथे बसलो की मरेपर्यंत बसलो.

"दादा, बसा जरा," मी म्हणालो.

तो गादीच्या जागी बसला. मी समोर बसलो, खांद्यावरचं उपरणं काढून आमच्या हातांवर टाकलं. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. त्याने हसून माझं बोट धरायला हात पुढे केला. मी त्याचा तळहात उघडा केला आणि त्यावर वाजवायला लागलो. बुवाने शिकवलेलं सगळं, विलंबित, मग दुप्पट. किती दिवसांनी बोटं मोकळी झाली होती. शेवटी समेवर त्याच्या हातावर पूर्ण थाप दिली.

"हे होतं त्या दिवशी," मी म्हणालो. "सौदा नव्हता. पखालवाल्यानं पानी ओतलं, अन् माहा हात पडला. मले वारं-बिरं काही कळलं नव्हतं, दादा."

मग त्याने आपला हात हळूच काढून घेतला. बाजारात सौदा नको असला की काढतात तसाच.

"अकोल्याले तू येऊ नोको," एवढंच तो म्हणाला.

अकोल्याची वखार दादाच्या मेहुण्याकडे गेली. खरी गोष्ट दादानेच बाजारात सांगितली, लपवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मला रुमालाखाली पुन्हा कुणी बसवलं नाही. शपथेचं काय, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "थो कापूस विकून झाला." दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी मळ्यात होतो. बुवाने बैल जुंपले. माझी पहिली थाप पाण्याच्या मागे राहिली आणि त्याने शिवी घातली.

त्या दोन घटका मी पुढे कधी सोडल्या नाहीत, बुवा गेल्यावरही नाही. पण दादा माझ्याशी कामापुरतं बोले. चार माणसांत त्याने माझं नाव कौतुकाने घेतलं ते एकदाच, आणि ते मीच परत केलं. मृदंग वाजवता वाजवता मला ते टोचत राही. माझा जीव थाऱ्यावर असा कधी आलाच नाही.

दादाच्या शेवटच्या हिवाळ्यात मी त्याच्या उशाशी बसून असे. बोलणं जवळजवळ थांबलं होतं. एका सकाळी मी आपला नेहमीसारखा मांडीवर बोटं चालवत होतो. त्याने डोळे उघडले, माझ्या हाताकडे बघितलं, आणि शालीखालून आपला हात माझ्याकडे सरकवला. तळहात वर, उघडा.

मी शालीखाली हात घातला आणि वाजवलं. हळूच, कारण त्याच्या हातावर आता नुसती कातडी होती. त्याने डोळे मिटून घेतले होते. शेवटी थाप देण्याआधी मी थबकलो, लागेल म्हणून. तर तोच म्हणाला,

"पानी पडलं काय बे?"

"पडलं, दादा," मी म्हणालो, आणि थाप दिली.