स्टीलची जोडवी

लग्नातली माझी जोडवी चांदीची होती. चांदीचं कौतुक करणाऱ्या बायांनी ती घालून कांद्याच्या वाफ्यात दिवसभर उकिडवं बसून पाहावं. मातीनं घासून चांदी झिजते, शेणखतानं काळी पडते, आणि पातळ झाली की तिची कड पात्यासारखी होते. डिंगोरे गावातल्या आमच्या रानात माझं जोडवं दोनदा तुटलं आणि दोन्ही वेळा शेजारचं बोट कापलं. दुसऱ्यांदा जुन्नरच्या दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं आणि तिथून तडक बाजारात जाऊन एका हातगाडीवरून स्टीलची जोडवी घेतली. अखंड कडी, फट नाही, नक्षी नाही. नवऱ्यानं पाहिली आणि म्हणाला, बरं केलंस, घासायची कटकट गेली. कामापुरता विचार करणारा माणूस होता तो, आणि मला ते आवडायचं.

निरगुडसरला राहणाऱ्या चुलतसासूंना मात्र खपलं नाही. त्या माझ्या सासूबाईंच्या थोरल्या जाऊ. घर आमचं असलं तरी शब्द त्यांचाच चालायचा. एका हळदीकुंकवाला त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या पायांकडे बोट केलं. स्टील म्हणजे शेवटी लोखंडच, म्हणाल्या, जोडवी चांदीची असली तरच ते सौभाग्याचं लेणं. हे ताटवाटीचं काय घालून फिरतेस? बाया हसल्या. संताप आला, पण मी वाण घेऊन घरी आले. जोडवी बदलली नाहीत.

चार वर्षांनी नवरा गेला. सकाळी मोटर चालू करायला गेला आणि विहिरीवरच कोसळला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दुपारी त्याला अंगणात ठेवलं होतं आणि आत मला बायांनी घेरलं होतं. कुंकू पुसलं. बांगड्या फोडल्या. मंगळसूत्र ओढलं. हे दुसऱ्याच कुणाचं चाललंय असं वाटत होतं. मग चुलतसासूंनी माझा पाय धरला.

चांदी असती तर चिमटीत वाकली असती. स्टील हलेना. बोटं कामानं जाड झालेली. त्यांनी साबण लावला, तेल लावलं, आणि शेवटी मोटरच्या खोलीतून पक्कड मागवली. ती पक्कड माझ्या नवऱ्याची होती. कडीवरून ती घसरली आणि माझ्या बोटाचं सालटं निघालं. तरी त्या पुन्हा धरायला लागल्या.

तेव्हा मी भानावर आले. पाय ओढून घेतला.

"ह्ये सौभाग्याचं लेणं न्हाई, असं तुमीच म्हणाला व्हता," मी म्हणाले. "मग आता काढताय काय? सोडा पाय."

त्या म्हणाल्या, लोक नावं ठेवतील. मी म्हणाले, ठेवू द्या. बाहेरून पुरुष उशीर होतोय म्हणून हाका मारायला लागले, आणि पक्कड तिथंच पडून राहिली.

चुलतसासू त्यानंतर आमच्या घरी आल्या नाहीत. बरं झालं. त्यांच्यापेक्षा मला जास्त राग सासूबाईंचा आला. त्या स्वतः कित्येक वर्षांच्या विधवा, आणि त्या दिवशी भिंतीला टेकून नुसत्या बघत होत्या. वर्षभर मी ते गिळलं. मग एका दुपारी कांदा निवडताना विचारलं, तुम्ही एक शब्द का बोलला नाहीत?

त्यांनी मान वर केली नाही.

"माझी जोडवी कापली तवा मला कुणी इचारलं व्हतं?"

मी पाटी तशीच टाकून उठले. आपल्याला सोसावं लागलं म्हणून दुसरीनंही सोसावं, हा कुठला न्याय? दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या आळीतल्या एकीचा नवरा वारला. मी सगळ्यांच्या आधी तिच्या घरी पोचले आणि तिच्या पायांशी बसले. तिची जोडवी चांदीची, जुनी, झिजलेली. बाया सरकत आल्या, उठ म्हणाल्या, एकीनं माझा दंड धरून ओढलं. मी उठले नाही आणि पायांना कुणाला हात लावू दिला नाही.

बांगड्या मात्र त्यांनी फोडल्याच. मला एकटीला दोन्ही सांभाळता आलं नाही.