गिरजाची झोप

मुकादमानं माझ्या पोरीचा जबडा दोन बोटांनी दाबून उघडला आणि मला म्हणाला, "पाय धर तिचे."

मी धरले. हे आधीच सांगून टाकते. चाळीस बाया बघत होत्या, यंत्रं अजून सुरू व्हायची होती, आणि मी माझ्याच लेकराचे पाय जमिनीला दाबून बसले. त्यानं अफूची गोळी तिच्या जिभेवर ठेवली, नाक दाबलं, ती गिळेपर्यंत सोडलं नाही. मग माझ्याच पदराला बोटं पुसली.

"जनावराला असंच पाजतेत," तो म्हणाला. "उद्यापासून घरूनच पाजून आणत जा."

बाया हसल्या. काही भीतीनं हसल्या, काही खरंच हसल्या.

निजामाचं राज्य होतं. जालन्यात कपाशीतून सरकी काढायचे कारखाने होते, त्यातल्या एकात मी कामाला होते. लेकुरवाळ्या बायांची एक रीतच पडलेली. सकाळी घरून निघताना पोराला मोहरीएवढी अफू चाटवायची. अफूचं दुकान ठेक्याचं, उघड चालायचं, त्यात चोरीचा मामला काही नव्हता. पोरं शेडच्या कडेला पोत्यांवर ओळीनं पडून असायची. तोंडावर माश्या बसल्या तरी हलायची नाहीत. ती ओळ बघून मुकादमाला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, आम्हालाही बरं वाटायचं. हात मोकळे राहायचे.

माझी गिरजा त्या ओळीत मावत नव्हती. सात वर्षांची झाली तरी बोलायची नाही. रुईचा एक तंतू डोळ्यांपुढं धरून तासन्‌तास बघत बसायची. आणि झोपायची नाही. अख्ख्या रात्रीत दोन तास, फार तर तीन. बाकीचा वेळ भिंतीला पाठ आपटत राहायची, घशातून एकच एक आवाज काढत. सासूनं कुण्या भगताचं ऐकून तिच्या पोटावर बिब्ब्याचे चार चटके दिले. चटक्यांनी कुठं झोप येते? असलं पोर जन्माला घातलं म्हणून नवऱ्यानं मला बडवलं आणि एक दिवस तो घर सोडून गेला. बरं झालं गेला.

त्या दिवसानंतर मी रोज घरूनच गोळी देऊ लागले. मोहरीएवढीनं भागेना, म्हणून मुगाएवढी. मुगाएवढीनं भागेना, म्हणून हरभऱ्याएवढी. मुकादम येता-जाता म्हणायचा, "आता बराबर शानी झाली बघ." आणि मला ते ऐकून हायसं वाटायचं. एवढी मी मेले होते.

एका संध्याकाळी काम सुटलं, सगळ्यांची पोरं कुरकुरत उठली, गिरजा उठली नाही. ओठ काळेनिळे. श्वास एक यायचा, मग कितीतरी वेळ दुसरा येत नव्हता. मी तिला फरफटत घरी आणलं. तोंडावर पाणी मारलं, उभी केली, चालवली, पडली की गालात मारली. ज्या पोरीनं झोपावं म्हणून मी तिला विष चारलं होतं, तिनं झोपू नये म्हणून उजाडेपर्यंत तिला मारत राहिले. गाल सुजून डोळे बुजले तेव्हा ती रडली. तिचं रडणं ऐकून मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं शिवी दिली. ती मलाच होती.

तिला घेऊन बापाकडं गेले. बाप आष्टीकडं मेंढरं राखायचा. त्यानं पोरीचे डोळे बघितले आणि विचारलं, "काय खाऊ घातलंस?" मी सगळं सांगितलं, मुकादमाचंही. त्यानं हातातली काठी माझ्या पाठीत घातली.

"तू गिरजाची माय हायेस का त्या मुकादमाची बाई?"

ती काठी मला लागायलाच हवी होती.

पहिले आठ-दहा दिवस नरक होता. गोळी बंद झाल्यावर पोर ओकायची, किंचाळायची, स्वतःचा हात चावायची. पण बाप हलला नाही. दिवसभर तिला उन्हात मेंढरांमागं चालवायचा. दिवस मावळला की भाकरी, रोज त्याच जागी, त्याच ताटलीत. मग दिवा नाही, बोलणं नाही. अंगावर दोन जाड घोंगड्या टाकायचा आणि कडा चेपून बसायचा. "कोकरू बी दाटीत निजतंय," एवढंच म्हणायचा. घोंगड्यांचं वजन पडलं की तिचं आपटणं हळूहळू थांबायचं. ती बरी झाली नाही. बोललीही नाही. काही रात्री सगळं करूनही जागीच राहायची. पण बाकीच्या रात्री पाच-पाच तास झोपू लागली, आणि सकाळी डोळे उघडले की माझ्याकडं बघायची. अफूच्या दिवसांत ती माझ्याकडं बघतच नव्हती, हे मला तेव्हा कळलं. मी बांधावर बसून रडले.

चारा संपला, बाप मेंढरं घेऊन लांबच्या मुलखात निघाला. मी घोंगड्या डोक्यावर घेऊन पोरीसकट जालन्याला परत आले, त्याच कारखान्यात लागले. आता गिरजा कामावर माझ्याजवळ बसायची, सरकीचे लहान लहान ढीग लावायची. कुणाला तिचा त्रास नव्हता. ती फक्त ओळीत झोपलेली नव्हती.

चौथ्या दिवशी मुकादम समोर येऊन उभा राहिला.

"ही जागी काहून?"

"रातीला निजती ती. आता तिला गोळी लागत न्हाई."

"मला इचारलंस का?"

कानशिलात बसली. कान सुन्न झाला. त्यानं दोन हमालांना हाक मारली, त्यांनी पोरीचे दंड धरले. ती किंचाळली. त्यानं खिशातून गोळी काढली आणि पुन्हा तेच म्हणाला, "पाय धर."

मी वाकले. त्याला वाटलं धरते. मी त्याचा हात धरला आणि दात रुतवले. त्याच्या बोटाचं हाड करवंटी फुटल्यासारखं वाजलं. दुसऱ्या हातानं यंत्राचा चामडी पट्टा उचलून त्यानं माझी पाठ सोलली, एका हमालानं पोरीला सोडून माझ्या बरगडीत लाथ घातली. माझ्या तोंडात त्याचं रक्त होतं आणि माझंही. एक दात तुटला. दुसऱ्या हमालाचे हात सुटले, पोर गठ्ठ्यांआड पळाली. मग मी त्याचा हात सोडला. चाळीस बायांतली एकही पुढं आली नाही.

मालकानं ओसरीवर बोलावलं. मुकादम हाताला फडकं गुंडाळून बाजूला उभा होता.

"ह्याच्या पाया पड," मालक म्हणाला. "पोरीला गोळी दे अन्‌ उद्या कामावर ये. न्हाईतर जालन्यात तुला कुणी उभं करणार न्हाई."

"पाया पडत न्हाई. गोळी बी देत न्हाई."

"मंग खाशील काय?"

"खडी फोडीन."

फाटकात बाया म्हणाल्या, पाया पडली असतीस तर तुझं काय गेलं असतं. मी गिरजाचा हात धरून बाहेर पडले.

खडी फोडली. अजून फोडते. गिरजा माझ्या उंचीची झाली आहे. काही रात्री आजही झोपत नाही, तेव्हा मीही जागते. ती झोपेल ती स्वतःसाठी झोपेल, कुणाच्या सोयीसाठी नाही. तिच्या तोंडाकडं पुन्हा कुणाचा हात आला, तर मी दात रुतवीन. त्या दिवशी सोडला. पुन्हा सोडणार नाही.