दादाचं राहिलेलं विमान

विमानाचा आवाज आला की रेवदंड्याच्या वाडीतला आमच्या दादाचा बैल रहाट ओढायचा थांबायचा. त्याला तसं कुणी शिकवलं नव्हतं. मुंबईकडे जाणारं विमान दिसलं की दादा बैल थांबवून मान वर करायचा आणि त्याचा ठिपका होईपर्यंत बघत राहायचा. पुढेपुढे बैलच आधी थांबू लागला. मग पाट कोरडा पडायचा आणि घरातून माईचा आवाज यायचा, "गेलं का रं ते? का अजून हाय?"

दादा माझा सख्खा भाऊ, पण लहानपणीच वडिलांच्या चुलतभावाच्या विधवेला, म्हणजे माईला, दत्तक दिलेला. तिची नारळी-पोफळीची वाडी बघायला दुसरं कुणी नव्हतं. तो तिकडे गेला तेव्हा आमच्या अलिबागच्या घरी त्याचं एक खेळण्यातलं विमान अर्धवट राहिलं. बोटीवर नोकरीला असलेल्या मामानं विलायतेहून आणलेला तो खोका. त्यात हलक्या लाकडाच्या पट्ट्या, पातळ कागद, पंखा फिरवायचं रबर आणि नकाशा. सांगाडा निम्मा जोडून झाला होता. पण माईचा दंडक होता, दत्तक आलेल्या पोरानं मागच्या घरचं काही आणायचं नाही, जीव तिकडे ओढ घेतो. खोका आमच्या माळ्यावर पडून राहिला.

माई दुष्ट नव्हती हो. माशाचा चांगला तुकडा कायम दादाच्याच ताटात पडायचा. मॅट्रिकनंतर त्याला मुंबईला विमानं दुरुस्त करायच्या कारखान्यात जागा मिळाली, तेव्हाही ती रडली नाही की भांडली नाही. "जा की," म्हणाली, "पन वाडीला कुलूप कसं घालायचं तेवढं दाखवून जा." दादानं पिशवी भरली होती, ती रिकामी केली. त्यानंतर मुंबईचं नाव त्यानं काढलं नाही.

माझं लग्न झालं, मला जरा धीर आला, आणि एका दसऱ्याला मी तो खोका उचलून सरळ त्याच्या वाडीत नेला. दादा घाबराच झाला. "माई बघंल गं!" तिशी उलटलेल्या त्या बाप्यानं खोका रहाटाशेजारच्या खोपीत पेंढ्याखाली लपवला. दुपारी बैल सोडला की तिथं बसून विमान जोडायचा. मोडक्या पट्ट्यांच्या जागी पोफळीच्या कामट्या आल्या, विटलेल्या कागदाऐवजी पतंगाचा कागद. रबर उंदरांनी खाल्लं होतं, तिथं सायकलच्या ट्यूबची पट्टी. "नकाशापरमानं न्हाय झालं," तो म्हणाला, "पन उडल्याबिगर राहनार न्हाय."

भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं. माई देवळात गेली तशी आम्ही दोघं किनाऱ्यावर आलो. सकाळचा वारा समुद्राकडे वाहत होता. बघते तर विमानाच्या शेपटाला लांब दोरा, आणि दुसरं टोक दादाच्या मनगटाला.

"दोरा कशाला?"

"हरवंल ना!"

"दादा, मला दुसरी ओवाळणी नको. हा दोरा तोड."

त्यानं मनगटावरची गाठ चाचपली. मग त्यानं दातांनी दोरा तोडला, पंख्याला पीळ दिला आणि विमान सोडलं. वाळत घातलेल्या बोंबलांवरून ते वर चढलं आणि वाऱ्याबरोबर पाण्यावर गेलं. दादा गुडघाभर पाण्यात धावला. "गेलं! गेलं गं!" असा त्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

ते दिसेनासं झाल्यावर मी म्हटलं, "आता तूही जा. माई धडधाकट आहे, वाडीला गडी ठेवता येतो."

तो पाण्यातून बाहेर आला, मनगटावरचा उरलेला दोरा सोडला, बोटांवर नीट गुंडाळला आणि खिशात ठेवला. "मिरीचा येल सुटलाय," म्हणाला, "बांधाया पायजे." आणि माई देवळातून यायच्या आत पोचायला म्हणून झपाझप चालू लागला.

तोवर माझा सगळा राग माईवर होता. त्या दिवशी पहिल्यांदा मला दादाचा राग आला, आणि त्याच वेळी त्याची इतकी माया दाटून आली, की पदर खोचून मी त्याला गाठायला धावले.