बिनभावकीचा साहेब

आमच्या घराची वाटणी एका इंग्रजानं केली. हे मी पुण्यात कुणाला सांगितलं की समोरचा लगेच ब्रिटिशांच्या धोरणावर बोलायला लागतो. मला धोरणाबद्दल काही म्हणायचं नाही. साहेब तेवीस-चोवीस वर्षांचा होता, आमच्या मुळशीतल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला आला होता आणि वाटण्या करणं हा त्याचा जोडधंदा होता. आमच्या वाटणीत माझ्या विधवा आत्याचं पुढं काय, हा प्रश्न होता. तो विचारायची पाळी माझ्यावर आली आणि मी विचारला नाही. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, तरी लाज गेलेली नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. परदेशातल्या कुठल्याशा संस्थेनं साहेबाला वर्षभरासाठी पाठवलं होतं. मी त्याच शाळेत इतिहास-भूगोल शिकवत असे, आणि तालुक्यातलाच असून बी.ए. झालेला मी एकटाच, म्हणून हेडमास्तरांनी साहेब माझ्या ताब्यात दिला. त्याला पाणी उकळून देणं, एस.टी.त बसवणं, लोक काय म्हणतात ते इंग्रजीत सांगणं आणि तो काय म्हणतो ते शक्यतो बरं करून मराठीत सांगणं, ही माझी कामं. पगार इतिहास-भूगोलाचाच.

साहेबाचे मित्रही असेच देशोदेशी इंग्रजी शिकवायला गेलेले होते. त्यांची पत्रं येत, ती तो मला वाचून दाखवी. त्या सगळ्यांना तिथं काही ना काही वरकड काम मिळालं होतं. जपानातला एकजण सिनेमात गोऱ्या माणसाची कामं करी. त्याला दर सिनेमात मरावं लागे. तुर्कस्तानातला एकजण हॉटेलांची खाद्यपदार्थांची यादी इंग्रजीत लिहून देई आणि तिथंच जेवे. आपल्याला इथं असं काहीच नाही, याचं साहेबाला वाईट वाटे. मी म्हटलं, थांब जरा.

चैत्रातल्या जत्रेत भरे आणि लवळे या दोन गावांच्या पैलवानांची शेवटची कुस्ती असे, आणि दरवर्षी ती पंचावरून मोडे. पंच भऱ्याचा असला तर लवळेकर उठत, लवळ्याचा असला तर भरेकर. तिसऱ्या गावचा, चांद्याचा आणावा तर त्याची लेक यातल्या एका गावात दिलेली निघे. त्या वर्षी कुणीतरी म्हणालं, साहेबाला उभा करा. साहेब म्हणाला, मला या खेळाचे नियम ठाऊक नाहीत. मी ते सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, हे तर लईच बरं, नियम ठाऊक असणाऱ्यांनीच आजवर घोळ घातलाय. साहेबानं शिट्टी फुंकली, एकाचा हात वर केला आणि तालुक्याच्या आठवणीत पहिल्यांदाच सगळे जेवायला वेळेवर घरी गेले.

गावाला त्या दिवशी साहेबाचा उपयोग कळला. इंग्रजीचा उपयोग कुणालाच कळला नव्हता. पण या माणसाला भावकी नाही, सोयरेधायरे नाहीत, जात कोणती ते कुणाला सांगता येत नाही, कुणाच्या बांधाला त्याचा बांध लागत नाही आणि वर्षानं तो जाणार आहे, ही केवढी मोठी सोय होती. असा माणूस आमच्याकडं जन्मालाच येत नाही, बाहेरून मागवावा लागतो. मग बोलावणी सुरू झाली. सामाईक फणसाचे गरे कुणी किती घ्यायचे. बांध कोणी कोरला. देवळाची किल्ली कोणाकडं राहावी. दोघा धनगर भावांनी त्याच्याकडून मेंढरांची वाटणी करून घेतली. साहेबानं मोजून दोन बाजू केल्या आणि लगेच इकडची कोकरं तिकडच्या आयांकडं पळाली. त्यानं पुन्हा केल्या, ती पुन्हा पळाली. शेवटी तो म्हणाला, कोकरं आयांबरोबर जाऊ देत, उरलेल्यांचं बघू. यावर साहेबाची कीर्ती पार घाटमाथ्यापर्यंत गेली. खरं तर त्यांच्यातलं शेंबडं पोरही हे सांगू शकलं असतं, पण ते पोर दोघांपैकी एकाचं असतं.

बाहेरचं काम करायचं नाही अशी साहेबाच्या करारात अट होती. हेडमास्तरांनी ती वाचली आणि पैसे घेत नाही म्हणजे काम नव्हे, असा निकाल दिला. पुढच्याच रविवारी ते त्याला स्वतःच्या शेजाऱ्याशी चाललेल्या गटाराच्या तंट्यावर घेऊन गेले. लोक मेहनताना म्हणून भोपळे आणून देत. साहेबाच्या खोलीत खाटेखाली, खिडकीत, ट्रंकेवर भोपळे झाले. जपानातल्या मित्रानं विचारलं, तुला काय मिळतं? यानं खरं ते कळवलं. मित्राचं नंतर बरेच दिवस पत्र आलं नाही.

एकीकडं साहेब मराठी शिकत होता. मी त्याला शुद्ध मराठी शिकवू पाहत होतो, पण तो ती पोरांकडून शिकला. पुण्याहून तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना त्यानं वर्गाच्या दारात ‘या, हितं बसा, लई ऊन हाय’ असं म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं जे पाहिलं ते माझ्या गोपनीय अहवालात उतरलं असणार.

अशात आमच्या घरात वाटणीचं निघालं. वडील आणि चुलते बरीच वर्षं एका चुलीवर जेवत आणि एकमेकांशी माझ्या आईमार्फत बोलत. आमच्याकडची रीत अशी, की थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. पण चुलत्यांचा वडिलांच्या वाट्यांवर भरवसा नव्हता आणि वडिलांचा चुलत्यांच्या उचलण्यावर. तेव्हा साहेब ठरला. दोघांनी ग्रामदेवतेपुढं बेलभंडारा उचलून शपथ घेतली: साहेब करील ती वाटणी, त्यावर कोर्ट नाही, कचेरी नाही, कुरकुर नाही. आमच्याकडं दस्त फिरवतात, बेलभंडारा फिरवत नाहीत.

घरात तिसरी होती आत्या, दोघांची बहीण. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी आली, त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. आई शेतावर असे, मला वाढवलं आत्यानं. मी पुण्याला शिकायला गेलो तेव्हा भाकऱ्यांचं गाठोडं तीच बांधून देई, आणि ओढ्याकडच्या खाचरात आंबेमोहराची लावणी तीच करी. वाटणीचं बोलणं चाललं असताना ती आतबाहेर करत होती. तिला भावांकडं दिवस काढायचे होते आणि ते कसे जाणार हे त्या बोलण्यात ठरत होतं. पण तिला बसायला कुणी सांगितलं नव्हतं. तसं तिचं भावांनी आधीच ठरवून टाकलेलं होतं. आमच्याकडं पाण्याचं एक तेलावरचं इंजिन होतं, ते सहा महिने एका भावाकडं आणि सहा महिने दुसऱ्याकडं राहणार होतं. आत्याचंही तेच ठरलं होतं. फरक एवढाच की इंजिनाचं कागदावर लिहिलेलं होतं.

अंगणात सगळी भांडीकुंडी मांडली. खाचरांसाठी दगड, खोल्यांसाठी खडे, झाडांसाठी पानं, बैलांऐवजी दोन दावी. साहेब मांडी घालून बसला, शेजारी मी. त्यानं सावकाश दोन ढीग केले. हंडा इकडं, घंगाळ तिकडं. हिरड्याची झाडं इकडं, फणस तिकडं. वडील आणि चुलते समोरच्या ढिगाकडं बघत होते आणि कुणीच काही बोलत नव्हतं, म्हणजे वाटणी चांगली चालली होती.

मग साहेबानं हात थांबवला. आत्या पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. त्यानं तिच्याकडं बोट केलं आणि मला इंग्रजीत विचारलं, हिचं काय?

मी इंग्रजीत म्हणालो, ही माझी आत्या, तिचं ठरलेलं आहे. कुणी ठरवलं, त्यानं विचारलं. मी म्हणालो, घरात. तिला विचारलं का, तो म्हणाला. वडिलांनी विचारलं, साहेब काय म्हणतुया? मी म्हणालो, पाणी गोड आहे म्हणतो.

हे मी का केलं याची कारणं तेव्हा माझ्याकडं पुष्कळ होती. चारचौघांत घरची लक्तरं नकोत. वडिलांना अवघड होईल. आत्याला तरी काय, आम्ही काही तिला टाकणार नव्हतो. या सगळ्याखाली खरं कारण होतं, तेही सांगतो: थोरल्याचा एकुलता एक मुलगा मी होतो आणि ढीग दोनच राहिले तर त्यातला एक पुढंमागं माझा होता. मी लोभी माणूस नाही असं मी समजत होतो. त्या दिवशी मी फक्त पाण्याबद्दल बोललो.

‘पाणी’ हा शब्द साहेबाला येत होता. तो आत्याकडं वळला आणि पोरांकडून शिकलेल्या मराठीत म्हणाला, “बाई, तुमी कुटल्या ढिगात?”

माझी चुलती दारातून आत गेली. आत्यानं तांब्या खाली ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि तीस वर्षं पाठ केल्यासारखं एका दमात सांगितलं.

“मला कुनाच्या ढिगात न्हाई जायचं. माझी चूल येगळी पायजे. गोठ्याच्या अंगाची खोली द्या आन् वड्याकडचं खाचर द्या. त्ये म्या माझ्या हातानं लावतीया. दुसरं काय नगं.”

वडील म्हणाले, असं कुठं असतं का. चुलते म्हणाले, आम्ही दोघं असताना बहिणीची चूल वेगळी, गावात तोंड दाखवायला जागा उरायची नाही. या एका गोष्टीवर दोघं भाऊ किती तरी वर्षांनी थेट एकमेकांशी बोलत होते. साहेबानं मला विचारलं, काय म्हणतात? या खेपेला मी शब्द न् शब्द सांगितलं. तो म्हणाला, मी कुणाचा नाही म्हणून तुम्ही मला बोलावलंत, तेव्हा तुम्ही तोंड कुठं दाखवायचं याचा विचार मला करता येणार नाही. तेही मी सांगितलं. मग त्यानं एका ढिगातून खोलीचा खडा उचलला, दुसऱ्यातून ओढ्याच्या खाचराचा दगड, आणि दोन्ही आत्याच्या पायाशी ठेवले. चुलत्यांनी वडिलांकडं पाहिलं, वडिलांनी देवळाच्या दिशेनं. बेलभंडारा उचललेला होता.

साहेब त्याच वर्षी परत गेला. त्याच्या जागी सांगलीकडचे एक मास्तर आले. त्यांची बायको चांद्याची होती, म्हणून त्यांचा कुणाला काही उपयोग झाला नाही.

आत्यानं पंधरवड्यात खोली सारवली, चूल घातली. पहिल्या दिवशी तिनं साहेबाला जेवायला बोलावलं, मला बोलावलं नाही. मी दुसऱ्या दिवशी आपण होऊन गेलो. आत धूर होता. ती चुलीपुढं बसली होती, भात शिजत होता. मी दारात उभा राहून, खोली छान झाली, उजेड बरा येतो, असं काहीबाही बोललो. तिनं ऐकून घेतलं. मला पाट दिला. मग फुंकणी बाजूला ठेवून, मान वर न करता म्हणाली:

“मास्तर, त्यानं इंग्रजीत इचारलं ते मला काय समाजलं न्हाई. पर बोट माझ्याकडं व्हतं, त्ये दिसलं. मंग त्यानं मराठीत इचारलं. त्यो परका, दोन सबुद शिकल्याला. तू मला कंच्या भाषेत इचारनार व्हतास?”

तिनं ताट घेतलं, भात वाढला, वर दूध घातलं, लहानपणी घालायची तेवढंच. मी खाली मान घालून जेवलो.