साहेबाचा टब आणि गुप्त आर्डर

तिवशाच्या बाजारात आमच्या इंग्रज साहेबानं स्वतः पोत्यात हात घातला. कोपरापर्यंत. हात कोरडाच बाहेर आला. दुसऱ्या पोत्यातही तेच. सरकी नाही, ओल नाही, माती नाही. इतका सोवळा कापूस मी वऱ्हाडात कधी पाहिला नव्हता.

"खबर फूट गई," साहेब म्हणाला आणि त्याची नजर कारकून वामनरावांवर जाऊन थांबली.

तेव्हा अमेरिकेत लढाई चालू होती, म्हणून विलायतेला आपला कापूस सोन्याच्या भावानं जाई. भाव चढला तसे व्यापारीही चढले. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारायचे, आत सरकी कोंबायचे. त्यांना पकडायला कचेरीतून गुप्त आर्डर निघे. पण दर वेळी आम्ही पोचायच्या आधी कापूस वाळलेला असे.

मी साहेबाचा पट्टेवाला. शाळा जेमतेम पाहिलेली, पण सरकारचं मीठ खाल्लं की तोंड बंद ठेवायचं, हे मला शाळेशिवाय येत होतं. साहेबाचा तंबू आणि सामान एक दिवस आधी मुक्कामी न्यायचं काम माझं. निघताना गाडीवानानं पुसलं, "बापू, बैल कोनीकडं हाकू?"

"सरकारी गुपित हाय."

त्यानं बैल अकोल्याच्या वाटेला लावले. मी एक शब्द न बोलता कासरा ओढून ते तिवशाकडे फिरवले. गुपित असं राखतात.

गुप्त आर्डर वामनरावच लिहीत. लिहितो तोच फोडतो, असा साहेबाचा हिशोब. "कल से डिसमिस," साहेब बोलला आणि तंबूत गेला. वामनराव आपली दौत-लेखणी गोळा करायला लागले. मुलीचं लग्न ठरलेलं होतं त्यांच्या.

मी गावच्या पाटलांना बाजूला घेतलं. "पाटील, खरं सांगा. कारकुनानं सांगतलं तुमाले?"

"त्याले तं आमी आजच पाह्यलं."

"मंग समजलं कसं?"

"काय पुसून राहिले बापू? काल भर दुपारी तुमीच गाडीवर साहेबाचा तो आंघोळीचा टब घेऊन आले. एवढं मोठं घंगाळ या मुलखात दुसऱ्या कोनाजवळ हाय? वरून हुकूम, कोंबड्या ठेवा, अंडे ठेवा, दूध ठेवा. आमाले काय वाटलं असंन, गावात बारसं हाय?"

माझं तोंड बंदच होतं. टबालाही तोंड असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी तंबूकडे निघालो तर वामनरावांनीच हात धरला. "बापू, साहेबाची चूक साहेबाला सांगायची नसते. माझी नोकरी गेली, आता तुझीही जाईल."

"नोकरी सरकारची हाय. जीभ माही हाय," मी म्हणालो.

साहेब आंघोळीला बसला होता. मी तंबूच्या कनातीबाहेर उभा राहिलो.

"हुजूर, खबर फोडनेवाला मिल गया."

"कौन?"

"हुजूर, आप जिसमें बैठे हैं."

आतलं पाणी वाजायचं थांबलं. मग मी सगळं सांगितलं, अंड्यांसकट.

पुढची धाड अचलपूरच्या बाजारावर. साहेब, घोडा आणि मी. तंबू नाही, कोंबडी नाही. वाटेत साहेबानं माझ्यातली भाकर आणि ठेचा खाल्ला आणि डोळे पुसत पुढे निघाला. बाजारात पोचलो तेव्हा व्यापारी तांब्या घेऊन कापसावर पाणी शिंपडत होते, तुळशीला घालावं तसं. एकानं तर साहेबालाच हटकलं, "बाजूले व्हा, भिजान."

वामनराव नोकरीत राहिले. मुलीचं लग्न झालं, मी पंगतीत वाढलं. बिनसामानानं जायची ही युक्ती साहेबाला सुचली म्हणून वरून त्याची तारीफ आली. आणि त्याच आठवड्यात माझी बदली अकोल्याला झाली, साहेबापासून जमेल तितकी लांब.

मला पस्तावा नाही. साहेबाला खरं सांगावंच. फक्त त्याआधी घरी जाऊन बायकोला भांडीकुंडी बांधायला सांगावं.